ओडिसियसची रोजनिशी: ट्रॉयच्या किनाऱ्यापासून वडिलांच्या बागेपर्यंत

ट्रॉय पडल्यावर ग्रीक योद्धा डायोमिडीस चौथ्या दिवशी आर्गोसच्या किनाऱ्याला लागला. इथाकाचा राजा ओडिसियस याला घर गाठायला दहा वर्षं लागली. मात्र 'ओडिसी'चा कवी होमर दिवस मोजून देतो असे मोठे समुद्रप्रवास पाचच आहेत आणि त्यांची बेरीज दोन महिन्यांच्याही आत भरते. उरलेला बहुतेक काळ मुक्कामात गेला: जादूगारीण सर्सीकडे एक वर्ष, अप्सरा कॅलिप्सोच्या बेटावर सात. म्हणून 'ओडिसी'चा प्रवास समजून घ्यायचा तर नकाशापेक्षा दिनदर्शिका उपयोगी पडते. शिवाय मेलिया भूशिरापुढचा नकाशा काढताच येत नाही. वाऱ्याची पिशवी शिवणारा चर्मकार सापडेल त्या दिवशी या जागाही सापडतील, असं ग्रीक भूगोलज्ञ एराटोस्थेनिसनं दोन हजार वर्षांहून आधी सुनावलं होतं.

काव्य सुरू होतं तेव्हा नायक कॅलिप्सोच्या बेटावर अडकलेला आहे. आधीचा सगळा प्रवास तो पुढे फेशियन लोकांच्या दरबारात स्वतःच्या तोंडानं सांगतो (सर्ग 9 ते 12). इथे तो घडला त्या क्रमानं लावला आहे.

इस्मारस: एक लूट, एक पहाट

निघताना जहाजं बारा. वाऱ्यानं त्यांना थ्रेसच्या किनाऱ्यावर किकोनियन लोकांच्या इस्मारस गावाशी नेलं. गाव लुटलं आणि वाटेही झाले. ओडिसियस म्हणाला, आता लगेच निघा. माणसांनी ऐकलं नाही. किनाऱ्यावरच मेंढ्या आणि गुरं कापली आणि दारू पीत बसली. तेवढ्या वेळात पळालेल्या गावकऱ्यांनी आतल्या मुलखातले भाऊबंद बोलावले. पहाटे हल्ला झाला, आणि बैल सोडायच्या वेळेपर्यंत लढून ग्रीक मागे हटले. प्रत्येक जहाजामागे सहा माणसं गेली, म्हणजे बहात्तर.

इथला धडा साधा आहे, आणि तो नायकाला आधीपासून माहीत होता. माहीत असलेलं इतरांकडून करून घेता येत नाही, ही त्याची अडचण पुढे शेवटच्या जहाजापर्यंत सुटत नाही.

याच गावातून एक वस्तू बरोबर आली. अपोलोचा पुजारी मेरॉन याला त्यांनी जिवंत सोडलं, म्हणून त्यानं सोनं, चांदीचं भांडं आणि बारा बुधले दारू दिली. ही दारू इतकी कडक की एका पेल्याला वीस मापं पाणी घालावं लागे. प्रमाण लक्षात ठेवा, गुहेत लागणार आहे.

त्यानंतरचे तीन दिवस, मग नऊ

उत्तरेच्या वाऱ्यानं शिडं तीन-चार ठिकाणी फाटली. शिडं उतरवून, वल्हवत किनारा गाठून दोन दिवस आणि दोन रात्री पडून राहिले. तिसऱ्या पहाटे पुन्हा निघाले. मेलियाला वळसा घातला की घर जवळच. पण तिथेच प्रवाह आणि उत्तरेचा वारा एकत्र आले आणि जहाजं कीथेराच्या पलीकडे फेकली गेली. हे भूशीर आजही पेलोपनीजच्या आग्नेय टोकाला आहे. ओळखीचा भूगोल इथे संपतो. यानंतर नऊ दिवस भरकटणं आणि दहाव्या दिवशी कमळ खाणाऱ्यांचा देश.

तिथे ओडिसियसनं तीन माणसं चौकशीला पाठवली. त्यांना कुणी मारलं नाही, उलट गोड फळ खायला दिलं. ते खाल्लेल्याला घराची आठवण राहत नाही. रडणाऱ्या तिघांना ओढत आणून बाकांखाली बांधावं लागलं. ही युक्ती साधी: ज्याची इच्छाच बदलली आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही, दोरी वापरायची. पुढे सायरनच्या वेळी ती तो स्वतःवर वापरतो.

सायक्लोप्सच्या देशात: पाच दिवस

पहिला दिवस समोरच्या बेटावर बकऱ्यांच्या शिकारीत गेला. प्रत्येक जहाजाला नऊ बकऱ्या, त्याच्या जहाजाला दहा. पोटभर अन्न आणि पुरेशी दारू, म्हणजे पलीकडे जायचं काहीच कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो एकच जहाज घेऊन पलीकडे गेला, कारण तिथली माणसं कशी आहेत ते पाहायचं होतं. गुहेत बारा निवडक माणसं नेली. ती विनवत होती, चीज आणि कोकरं घेऊ आणि निघू. ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं तो स्वतःच दरबारात कबूल करतो. त्याला पाहुण्याला मिळणारी भेट हवी होती.

संध्याकाळी गुहेचा मालक, एकडोळ्या राक्षस पॉलिफेमस आला आणि त्यानं दोघांना खाल्लं. रात्री ओडिसियसनं तलवारीला हात घातला आणि थांबला. दाराला लावलेली शिळा बावीस गाड्यांनाही हलली नसती. राक्षस मेला तर आतले सगळे उपाशी मेले असते. सगळ्या काव्यात रागावर हिशोबानं मात केल्याची ही पहिली ठळक जागा आहे, आणि खूप पुढे, स्वतःच्या घराच्या ओसरीत, त्याला हीच रात्र आठवते.

तिसऱ्या सकाळी आणखी दोघे. दिवसा तयारी: ऑलिव्हच्या हिरव्या सोट्यातून साधारण वावभर तुकडा कापला, टोक केलं, विस्तवात कडक केलं, शेणाच्या ढिगात लपवला. चार माणसं चिठ्ठीनं निवडली, पाचवा तो स्वतः. संध्याकाळी आणखी दोघे गेले. मग मेरॉनची दारू, पाणी न घालता, तीन वेळा. नाव विचारल्यावर त्यानं सांगितलं, 'कुणीनाही'. डोळा फुटल्यावर राक्षस ओरडला, "कुणीनाही मला मारतोय!" शेजारी म्हणाले, कुणी नाही तर मग हे झ्यूसनं धाडलेलं दुखणं, बापाची प्रार्थना कर. ग्रीकमधली ही कोटी मराठीतही आयती बसते.

चौथ्या पहाटे सुटका. तीन-तीन मेंढे एकत्र बांधून मधल्याच्या पोटाखाली एकेक माणूस. स्वतः सर्वांत मोठ्या मेंढ्याच्या लोकरीला घट्ट धरून. इथवर चूक नाही. चूक समुद्रावर झाली. जहाज हाकेच्या अंतरावर असतानाच त्यानं टोमणा मारला. राक्षसानं डोंगराचा सुळका फेकला, तो जहाजापुढे पडला आणि लाटेनं जहाज पुन्हा किनाऱ्याला लागलं. दुप्पट अंतर गेल्यावर तो पुन्हा ओरडायला उठला. माणसं विनवत होती, गप्प बस. त्यानं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गाव सांगितलं: इथाकाचा ओडिसियस, लेर्टीसचा मुलगा.

शाप द्यायला नाव लागतं. पॉलिफेमसनं बापाला, समुद्रदेव पोसायडनला, नेमका पत्ता देऊन मागणं केलं: हा घरी पोचलाच तर उशिरा, हाल होऊन, सोबती गमावून, परक्या जहाजातून पोचू दे आणि घरात संकट असू दे. पुढची नऊ-दहा वर्षं या एका वाक्याची तामिली आहे. सगळ्या प्रवासाचा अभ्यासक्रमही इथेच ठरतो: जीभ आवरणं. पाचवा दिवस बेटावरून निघण्याचा.

एओलस: एक महिना आणि नऊ दिवस

वाऱ्यांचा राखणदार एओलस यानं महिनाभर पाहुणचार केला. निघताना नऊ वर्षांच्या बैलाच्या कातड्याची पिशवी दिली. तिच्यात सगळे वादळी वारे चांदीच्या दोरीनं बांधलेले. फक्त पश्चिमेचा वारा मोकळा. नऊ दिवस-रात्र ओडिसियसनं शिडाचा दोर स्वतःच्याच हातात धरला, कुणाला दिला नाही. दहाव्या दिवशी इथाका दिसली, किनाऱ्यावर विस्तव राखणारी माणसंही दिसली. आणि त्याला झोप लागली.

माणसांनी पिशवी उघडली. या प्रसंगाचा दोष खलाशांच्या हावेला देतात, पण मजकूर नीट वाचला तर दोन चुका कप्तानाच्या निघतात. पिशवीत काय आहे ते त्यानं सांगितलं नाही, म्हणून त्यांनी सोनं-चांदी आहे असं धरलं. आणि नऊ रात्री दोर सोडला नाही, म्हणून ऐन किनाऱ्यापाशी तो जागा राहू शकला नाही. पाळी लावली असती तर घर गाठलं असतं. परत गेल्यावर एओलसनं हाकललं: ज्याचा देवांना तिटकारा आहे त्याला मदत नाही.

मग सहा दिवस वल्ही मारत, सातव्या दिवशी नरभक्षक लेस्ट्रिगोनियन लोकांचं बंदर. दोन्ही बाजूंना उभे कडे, अरुंद तोंड, आत पाणी तळ्यासारखं शांत. अकरा जहाजं आत एकमेकांना चिकटून बांधली गेली. ओडिसियसनं आपलं बाहेर, तोंडापाशी, खडकाला बांधलं. का, ते होमर सांगत नाही. गुहेत अडकलेल्या माणसाला एकच वाट असलेली जागा नको वाटली असावी, हा आपला अंदाज. वरून दगड आले आणि मासे भोसकावेत तशी माणसं भोसकली गेली. त्यानं तलवारीनं दोर तोडला आणि निघाला. बारातलं एक जहाज राहिलं. सावधपणा शिकला होता, पण स्वतःपुरता.

सर्सीकडे वर्ष

इथे बरंच घडतं, पण प्रवासाच्या दृष्टीनं दोनच गोष्टी महत्त्वाच्या. टोळीचे दोन भाग केले, चिठ्ठी टाकली आणि युरिलोकस बावीस जणांसह पुढे गेला. सर्सीच्या जादूनं ती माणसं डुकरं झाली. ओडिसियसला वाटेत देवांचा दूत हर्मीस यानं मोली नावाची वनस्पती दिली, मूळ काळं आणि फूल दुधासारखं, आणि सांगितलं: तिच्याकडून आधी शपथ घे. परक्या घरात शपथ आधी, जेवण नंतर. सायक्लोप्सच्या गुहेत याच्या उलट झालं होतं. वर्ष संपल्याची आठवण मात्र, पुन्हा माणसं झालेल्या, खलाशांनाच करून द्यावी लागली.

तिच्याच सांगण्यावरून एका दिवसाचा प्रवास करून तो मृतांच्या देशाच्या कडेला गेला. हातभर लांब-रुंद खड्डा; त्यात क्रमानं दूध-मध, गोड दारू आणि पाणी, वर जवाचं पांढरं पीठ; मग मेंढ्यांचं रक्त. मेलेला भविष्यवेत्ता टायरेसियस यानं ते प्यायल्याशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. स्वतःची आई पुढे आली, तिलाही त्यानं रडत रडत थांबवलं. टायरेसियसनं दोन गोष्टी सांगितल्या: सूर्याच्या गाईंना हात लावू नका, आणि घरी पोचल्यावर खांद्यावर वल्हं घेऊन इतका आत जा की कुणीतरी विचारील, हे काय, धान्य उपणायचं फावडं का? तिथे वल्हं रोव आणि पोसायडनला बळी दे.

एका दिवसात तीन परीक्षा

सर्सीच्या बेटावरून परत निघाल्याच्या दिवशी गाण्यानं खलाशांना ओढून मारणाऱ्या सायरन, राक्षसीण सिला आणि पाणी गिळणारी करिब्डिस ओळीनं येतात. सायरनबद्दल ओडिसियसनं सगळ्यांना आधी सांगितलं: हे एकदोघांनाच माहीत असणं बरोबर नाही. वारा पडला, शिडं गुंडाळली. मेणाची मोठी ढेप काशाच्या पात्यानं कापून हातांनी मळली, उन्हानं ती मऊ झाली, सगळ्यांच्या कानांत भरली. त्याला डोलकाठीला बांधलं. त्यानं भुवयांनी सोडा म्हणून खुणावलं तेव्हा पेरिमिडीस आणि युरिलोकस यांनी आणखी दोर आवळले. आधी नीट सांगितलेला हा एकच बेत एकही माणूस न गमावता पार पडला.

लगेच पुढे सहा डोक्यांची सिला. तिच्याबद्दल त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वल्ही टाकून माणसं तळाशी लपली असती आणि करिब्डिसनं सगळं जहाज गिळलं असतं. हिशोब बरोबर आहे. सहा गेले, बाकीचे वाचले. पण शस्त्रं घालू नकोस असं सर्सीनं बजावलं होतं, ते तो विसरला आणि दोन भाले घेऊन नाळेवर उभा राहिला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

थ्रिनेकिया: एक महिना, सहा दिवस

सूर्याच्या गाईंचं हे बेट, इथे थांबायचंच नव्हतं. युरिलोकसनं दमलेल्या माणसांच्या वतीनं भांडून थांबायला लावलं. मग महिनाभर दक्षिणेचा आणि पूर्वेचा वारा हटला नाही. सर्सीनं दिलेला शिधा होता तोवर गाईंना हात न लावण्याची शपथ टिकली. तो संपल्यावर गळानं मासे आणि हाती लागतील ते पक्षी. ओडिसियस प्रार्थनेला एकांतात गेला आणि पुन्हा झोपला. सूर्याच्या गाईंचे सात कळप, प्रत्येकी पन्नास. त्यांतल्या उत्तम गाई कापून सहा दिवस मेजवानी झाली. सातव्या दिवशी वारा पडला, जहाज निघालं आणि विजेनं फुटलं.

डोलकाठी आणि जहाजाच्या तळाचा कणा बैलाच्या कातड्याच्या दोरानं एकत्र बांधून तो त्यावर बसला. रात्रीत पुन्हा करिब्डिसपाशी. ती दिवसातून तीनदा पाणी गिळते आणि तीनदा ओकते. वर अंजिराचं झाड, त्याला तो वटवाघळासारखा लटकला. पाय टेकायला जागा नाही, वर चढायला फांदी नाही. खटले संपवून न्यायाधीश जेवायला उठतो त्या वेळेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, नुसतं धरून राहायचं. लाकडं वर आली तेव्हा हात सोडले. नऊ दिवस तरंगत, दहाव्या रात्री कॅलिप्सोचं बेट. आता तो एकटा होता.

तराफा: चार दिवस

सात वर्षांनी देवांचा निरोप आला. जा, असं कॅलिप्सो म्हणाली तर त्याची पहिली प्रतिक्रिया आनंदाची नव्हती: आधी शपथ घे की यात माझ्यासाठी दुसरं संकट नाही. या वेळी हर्मीसनं शिकवावं लागलं नाही.

कामाचा तपशील होमर सुताराच्या नजरेनं देतो. दुधारी काशाची कुऱ्हाड, ऑलिव्हचा दांडा, वाकस, गिरमिटं. बेटाच्या टोकावरची आल्डर, पॉप्लर आणि फरची झाडं, केव्हाच वाळलेली, म्हणजे पाण्यावर हलकी. ओलं लाकूड घेतलं असतं तर तराफा खोल बसला असता. वीस झाडं पाडली, तासली, दोरी धरून सरळ केली, भोकं पाडली, मेखा आणि सांधे ठोकले. रुंदी मालवाहू जहाजाइतकी. वर फळ्यांचा तक्ता, डोलकाठी, परबाण, सुकाणू. लाटा अडवायला वेताच्या विणीसारखा विलोच्या फांद्यांचा कठडा. शिडाचं कापड कॅलिप्सोनं दिलं. चौथ्या दिवशी पुरं झालं, तरफेनं ढकलून पाण्यात. पाचव्या दिवशी प्रयाण. बरोबर दारूची एक पखाल, पाण्याची त्याहून मोठी, अन्नाची थैली.

सतरा दिवस तो झोपला नाही, हातात सुकाणू. या वेळी झोप न घेणं चालून गेलं, कारण मागे पिशवी उघडणारं कुणी नव्हतं. दिशा ताऱ्यांवरून: कृत्तिका, उशिरा मावळणारा भूतप आणि कधीच समुद्रात न बुडणारे सप्तर्षी. सप्तर्षी डाव्या हाताला ठेव, असं कॅलिप्सोनं सांगितलं होतं. उत्तर डावीकडे, म्हणजे तोंड पूर्वेला. मराठी वाचकाला यासाठी तारांगणाची पुस्तकं उघडावी लागत नाहीत.

अठराव्या दिवशी स्केरियाचे, म्हणजे फेशियन लोकांच्या देशाचे, डोंगर दिसले, समुद्रावर ठेवलेल्या ढालीसारखे. तेवढ्यात पोसायडननं पाहिलं. वादळात समुद्रदेवी इनोनं ओढणी दिली: तराफा सोड, ही छातीला बांध, पोह. त्यानं ऐकलं नाही. जोवर लाकडं सांध्यात आहेत तोवर मी इथेच, फुटली की पोहीन. नऊ ओळींचा हा विचार पॉलिफेमसला नाव सांगणाऱ्या माणसाला सुचला नसता. तराफा फुटल्यावर एका फळीवर घोड्यावर बसावं तसा बसून त्यानं कपडे उतरवले आणि मग ओढणी बांधली.

दोन रात्री आणि दोन दिवस पोहणं. तिसऱ्या दिवशी किनारा, पण सरळ कडे. पहिल्या लाटेनं खडकावर आपटलं. बिळातून ओढलेल्या ऑक्टोपसच्या चुषकांना खडे चिकटून यावेत तशी हातांची सालं खडकाला चिकटून राहिली. पुन्हा खडकावर झेप न घेता तो किनाऱ्याला समांतर पोहत राहिला आणि नदीचं मुख सापडलं. तिथे वाळलेल्या पानांच्या ढिगात स्वतःला पुरून झोपला. लांब वस्तीवर एकटा राहणारा माणूस उद्याच्या विस्तवासाठी राखेखाली निखारा झाकतो, तसा.

स्केरिया: तीन दिवस

नदीवर कपडे धुवायला आलेल्या राजकन्या नॉसिकापुढे तो फांदी धरून उभा राहिला. गुडघे धरून याचना करायची रीत. पण मुलगी बिचकेल म्हणून लांबूनच बोलला. संध्याकाळी राणी आरेटीनं विचारलं: तू कोण, आणि हे कपडे तुला कुणी दिले? (कपडे तिनेच विणलेले होते.) त्यानं तराफा सांगितला, कपड्यांचं सांगितलं आणि पहिला प्रश्न अलगद वगळला. दुसऱ्या दिवशी खेळांत युरियालसनं हिणवलं, तू खेळाडू नव्हेस, नफ्यावर डोळा ठेवणारा व्यापारी दिसतोस. चिडून त्यानं थाळी सर्वांच्या पुढे फेकली. नाव मात्र तरीही तोंडातून गेलं नाही. शेवटी अंध गायकानं लाकडी घोड्याची कथा गायली, तो रडला, आणि राजानं सरळ विचारल्यावरच नाव सांगितलं. जहाज, भेटी आणि सन्मान पदरात पडणार हे ठरल्यावर.

तिसऱ्या दिवशी तो सारखा सूर्याकडे पाहत होता. दिवसभर नांगर धरलेल्या माणसाला जेवणाची वेळ केव्हा होईल असं वाटावं, तसं. बावन्न वल्हेकऱ्यांचं जहाज रात्री निघालं, आणि तो शांत झोपला. इथे झोपेनं काही बिघडलं नाही. वल्ही दुसऱ्यांच्या हातात होती.

इथाका: शेवटचे दिवस

किनाऱ्यावर जागा झाल्यावर त्याला स्वतःचा देश ओळखू आला नाही. पहिलं काम भांडी आणि तिवया मोजण्याचं. मग मेंढपाळाच्या वेशातल्या अथीनाला त्यानं क्रीटहून पळून आल्याची थाप मारली. देवी हसली आणि तिनं त्याला म्हाताऱ्या भिकाऱ्याचं रूप दिलं.

युमेयस डुकरं राखायचा. त्याच्या झोपडीचे चार कुत्रे अंगावर आले तेव्हा ओडिसियस काठी टाकून खाली बसला.  वाड्याच्या दारात त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस शेणाच्या ढिगावर पडला होता. त्यानं शेपूट हलवली, कान पाडले, उठता आलं नाही. ओडिसियसनं तोंड फिरवून डोळा पुसला. वाड्यात त्याची बायको पेनेलोपी हिला मागणी घालणारे मागणीदार एकशे आठ, त्यांतल्या अँटिनूसनं पायाचं आसन फेकून मारलं; तो नुसती मान हलवून गप्प राहिला. रात्री ओसरीत पडल्यावर घरच्या दासी मागणीदारांकडे हसत जाताना दिसल्या आणि पिल्लांभोवतीच्या कुत्रीसारखं त्याचं काळीज गुरगुरलं. छाती ठोकून तो म्हणाला: सोस, काळजा, सायक्लोप्सनं माणसं खाल्ली त्या दिवशी याहून वाईट सोसलंस.

तीरंदाजीच्या पैजेत त्याचा बाण बारा कुऱ्हाडींतून गेला, मागणीदार पडले. त्या रात्री पेनेलोपी समोर बसली आणि जवळ आली नाही. दासीला म्हणाली, त्यांनी बांधलेला पलंग खोलीबाहेर काढून अंथर. सगळं सोसलेला माणूस इथे भडकला: माझा पलंग कुणी हलवला? त्याचा एक पाय म्हणजे मुळासकट उभं ऑलिव्हचं झाड आहे, खोली मी त्याभोवती बांधली! वीस वर्षांत कमावलेला ताबा एका वाक्यात गेला, आणि तोच पुरावा ठरला. त्याची विद्या घरात बसलेल्या बाईला त्याच्याइतकीच येत होती.

दुसऱ्या सकाळी तो शेतावर गेला. लेर्टीस ठिगळं लावलेल्या अंगरख्यात, बोकडाच्या कातड्याची टोपी घालून रोपाला आळं करत होता. आता भीती कुणाची नव्हती. तरीही ओडिसियसनं वेगळंच नाव आणि वेगळंच गाव सांगितलं. हे का, यावर अभ्यासक अजून भांडतात. साधं उत्तर असं की सवय लागली होती. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी काळी माती उचलून स्वतःच्या पांढऱ्या केसांवर ओतली. मग मात्र मुलाच्याने राहवलं नाही. खूण दाखव, म्हणाला म्हातारा. ओडिसियसनं मांडीवरचा व्रण दाखवला, आणि लहानपणी मागे मागे फिरून नावं विचारली होती ती झाडं मोजून दिली: तेरा नाशपातीची, दहा सफरचंदांची, चाळीस अंजिरांची, आणि देईन म्हणाला होतास त्या द्राक्षांच्या पन्नास ओळी.